कोठीवरची टिनं

१

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्द साधे आहेत, त्याची माफी आधीच मागतो. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं मनातच नीट करून घ्यावं. पण टेंभरडोहच्या कोठीची गोष्ट गावात आता जशी गोड करून सांगतात, तशी ती नव्हती. उकंड्याचा राग त्यातून पुसून टाकतात. मी तो पुसणार नाही.

टेंभरडोह घाटंजीपासून अकरा किलोमीटरवर आहे. गावाच्या टोकाला मठ आहे, मठाला गादी आहे. चैत्र सरताना गादीवरचे मोठे बाबा वारले आणि नवे बाबा निवडायची वेळ आली. निवडीची रीत जुनी. पाच गावांचे पाच मानकरी मठामागच्या कोठीत, तिथे नेऊन ठेवलेल्या गादीभोवती बसतात. बाहेरून कुलूप लागतं, किल्ली कारभारी पुंडलिकरावांच्या करदोट्याला. पाचही जणांचं एका नावावर जमेपर्यंत ते कुलूप उघडत नाही. मानकऱ्यानं स्वतः गादीवर बसायचं नसतं, बाहेरच्या कोणाचं तरी नाव घ्यायचं असतं.

कोठी म्हणजे पूर्वी धान्य ठेवायची खोली. दगडी भिंती, वर टिनं, एक दार, आणि दाराच्या बाजूला वीतभर झरोका. झरोक्याला आतून लाकडी फळी. रोज दुपारी बारा वाजता फळी सरकायची, जेवणाचे डबे आणि माठापुरतं पाणी आत जायचं, कालचे रिकामे डबे बाहेर यायचे. मग डबे देणाऱ्यानं पाच गावांची नावं घ्यायची आणि आतून एकेकानं "हाव" म्हणायचं. पाचही जिवंत आहेत हे गावाला कळावं म्हणून. त्यापलीकडे एक शब्द बोलायचा नाही. आत डोकवायचं नाही.

हे काम उकंड्याकडे आलं, कारण टेंभरडोहचा मानकरी त्याचा बाप डोमाजी होता. उकंडा घाटंजीला एका वेल्डिंगच्या दुकानात होता, शेडवर टिनं चढवायचं काम करायचा. वैशाखात अकरा ते चार मिस्त्री दुकान बंद ठेवायचा, त्यामुळे दुपारी तो मोकळाच. बोलायला लाजरा. गिऱ्हाइकानं काही विचारलं तर आपल्या पायाच्या अंगठ्याकडे पाहून उत्तर द्यायचा.

डोमाजीला शुगर होती. उकंड्याची आई मानीबाई दोन वेळच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून भाकरीखाली ठेवायची आणि रोज तेच म्हणायची, "पुडी पयले दाखवजो त्याले. भुलते तो."

"दाखवायचं नाई ना बोलायचं नाई, असं हाये थे माय."

"मंग आग लागो त्या रीतीले."

२

नवव्या दिवशी उकंड्यानं रिकामा डबा हातात घेतला आणि तो थंड लागला.

नुसता गार नाही. विहिरीच्या तळातून कळशी वर काढावी तसा थंड, बाहेरून ओला. त्यानं बाकीचे चार डबे चाचपले. तेही तसेच. मठाच्या आवारात तेव्हा पाय ठेवता येत नव्हता इतकं ऊन होतं, कुत्री पाण्याच्या नांदीआड जाऊन पडली होती.

घरी मानीबाईनं डबा हातात घेतला आणि म्हणाली, "बर्फाच्या गाडीवर ठेवला होता का रे?"

"भिंती जाड हायेत कोठीच्या," तो म्हणाला.

पण ते त्याला स्वतःलाच पटलं नाही. भिंतींचं तो काही सांगू शकत नव्हता, टिनांचं मात्र त्याला पक्कं ठाऊक होतं. वैशाखात टिनाखाली बारा वाजता मेणबत्ती ठेवली तर उभी राहत नाही. माणूस टिनाखाली बसला की तासाभरात त्याला पाण्याच्या बादलीत डोकं घालावंसं वाटतं. टिनाखालून थंड वस्तू बाहेर येऊच शकत नाही. हे त्याचं रोजचं काम होतं, यात त्याला कोणी फसवू शकत नव्हतं.

तरी त्यानं मनाला समजावलं. आत माठ आहे. माठातल्या पाण्यानं म्हातारे डबे धूत असतील.

रात्री जेवताना त्याला आठवलं की पाचजणांना पिण्यापुरतंही पाणी त्या माठात मावणार नाही, अशी तक्रार बापानं पहिल्याच दिवशी आत जाताना केली होती.

३

तेराव्या दिवशी "हाव" आधी आलं.

आर्णी, केळापूर, पुढची दोन गावं, सगळं नीट झालं. शेवटी टेंभरडोह म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि शब्द ओठांवर यायच्या आत झरोक्यातून बापाचा आवाज आला, "हाव."

घाई झाली असेल, असं उकंड्याला वाटलं. शेवटचा नंबर आपलाच, हे बापाला माहीत आहे. पण घाईचा आवाज असा नसतो. दारात कोणीतरी बसलेलं आहे आणि त्याला विचारायच्या आधीच ते उत्तर देतं, असा तो आवाज होता. आणि तो फार जवळून आला होता. फळीला तोंड लावून बोलावं, तसा.

तो तिथून सरळ पुंडलिकरावांकडे गेला. ओट्यावर कूलर लागला होता, पुंडलिकराव बाजेवर लोळत होते, आणि आजूबाजूला चार रिकामे लोक पत्ते पिसत होते.

"काका, बाबाले एकडाव भेटू द्या."

"रीत नाई ना बाप्पा."

"तेरा दिवस झाले."

"मांगच्या बारीले एकेचाळीस लागले होते. तुया आज्याले इचार." पुंडलिकराव हसले. "हं, थो तर मेला. मंग मलेच इचार."

"थे लोकं आत करून काय राह्यले?"

"निवडून राह्यले. दुसरं काय करन?" मग त्यांनी कूस बदलली आणि आवाज उतरवला. "म्हातारे काय निवडते रे! गादीले जो पायजे थो गादीच मांगते. म्हाताऱ्याइनं नुसतं हाव म्हणायचं असते. चौघाइनं म्हणलंही असन. एखादा अडून बसला असन, म्हणून उशीर."

"कोन अडला?"

पुंडलिकरावांनी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "तुले किती वर्सं झाले रे?"

"एकवीस."

"लगन?"

"नाई अजून."

"हं," ते म्हणाले, आणि पत्तेवाल्यांकडे वळून मोठ्यानं बोलले, "पाह्य बे, नाव उकंडा अन् बात करते किल्लीची!"

सगळे हसले. उकंडा म्हणजे उकिरडा. त्याच्या आधी मानीबाईची दोन लेकरं दगावली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा आजीनं त्याला उकिरड्यावर ठेवलं, पुन्हा उचललं आणि हे नाव दिलं, की असलं टाकाऊ पोर कोणाला न्यावंसं वाटू नये. त्या नावावर सारी शाळा हसली होती. आता हे हसले.

त्याला तीन गोष्टी बोलायच्या होत्या. तोंडातून निघालं फक्त "बरं". घरापर्यंतच्या वाटेवर त्यानं स्वतःला इतक्या शिव्या दिल्या की घसा कोरडा पडला.

४

मानीबाई लाजरी नव्हती. पंधराव्या दिवशी ती ठाण्यात गेली आणि एका जमादाराला घेऊन आली. जमादारानं झरोक्यावर काठी वाजवली.

"कोनाची जबरदस्ती हाये का तुमच्यावर?"

"नाई," आतून आलं. एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक वेळी तितकाच दम घेऊन.

"पाह्य बाई," जमादार म्हणाला, "राजीखुशीनं बसले थे." मग पुंडलिकरावांच्या ओट्यावर त्यानं चहा घेतला आणि निघून गेला. मानीबाई मठाच्या पायरीवर बसून राहिली. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. दात आवळलेले होते.

उकंड्यानं डबे दिले. नावं घेतली. पाच "हाव" झाले. तो वळणार, तेवढ्यात आतून बापाचा आवाज आला. रीत मोडून.

"पोरा, घरी जा."

"जा" म्हणायच्या आधी बाप थोडा खाकरला. ते खाकरणं उकंडा लहानपणापासून ओळखत होता. तो झरोक्याला चिकटला. "बाबा! तब्बेत कशी हाये? गोळ्या घेता ना?"

 उत्तर दिलं ते आर्णीच्या मानकऱ्यानं.

"पोरा, घरी जा."

तोच दम, "जा"च्या आधी तेच खाकरणं. मग केळापूरचा, "पोरा, घरी जा." मग तिसरा, मग चौथा. पाठ केल्यासारखं, दरवेळी आधीपेक्षा थोडं बरं. चौथ्यानं म्हटलं तेव्हा डोळे मिटून ऐकलं असतं तर तो बापच वाटला असता.

मग फळी आतून सरकली.

उकंडा उन्हात उभा होता आणि त्याच्या दंडावर काटा आला होता. म्हातारे चिडवत आहेत, त्यानं ठरवलं. कोंडून कोंडून डोकं फिरलं आहे त्यांचं, बापाची नक्कल करत बसले आहेत. हेच खरं, दुसरं काय असणार? आणि असं ठरवल्याबरोबर भीती गेली आणि तिच्या जागी निव्वळ राग आला. पुंडलिकरावांचा, जमादाराचा, त्या चार म्हाताऱ्यांचा. आणि सगळ्यात जास्त बापाचा. बायको पायरीवर बसली आहे, गोळ्या संपत आल्या आहेत, आणि हा माणूस एका नावाला "हाव" म्हणून मोकळा होत नाही. कोणत्या बाबासाठी अडून बसला आहे हा?

त्यानं झरोक्यावर थुंकायला तोंड भरलं. शेवटी जमिनीवर थुंकला.

५

तांड्यावर गुलाबसिंग गुरुजी राहायचे. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, घरात इतिहासाची जाडजूड पुस्तकं होती. त्यांच्या फाटकाचं बिजागर तुटलं होतं, ते जोडायला उकंडा सतराव्या दिवशी संध्याकाळी गेला. गुरुजींनी मठाचं विचारलं, त्यानं तुटक तुटक सांगितलं.

"ही किल्लीची रीत काय तुमच्याच गावची नाही बरं," गुरुजी खुर्ची ओढत म्हणाले. "साडेसातशे वर्षांपूर्वी तिकडे इटलीत पोप वारला. नवा निवडायला मोठमोठे धर्मगुरू एका गावात जमले. एक वर्ष गेलं. दुसरं गेलं. जमेना. खायला-प्यायला गावानं घालायचं, अन् हे बसून आहेत आपले."

"मंग?"

"गावाचं डोकं फिरलं. कोंडले त्यांना. जेवण तोडून भाकर-पाण्यावर आणलं. तरी नाही. मग लोक वर चढले अन् छप्परच काढून टाकलं, असं लिहिलेलं आहे."

उकंड्याच्या हातातला पाना थांबला. "छप्पर?"

"ऊन, पाणी, सारं डोक्यावर! झाली मग निवड. तीन वर्षं होत आली होती तोवर."

"अन् थे म्हातारे?"

"दोघं-तिघं मेलेच त्यात," गुरुजी म्हणाले, आणि मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून खुर्चीत पुढे सरकले. "काहून इचारतो रे?"

"असंच, गुरुजी."

बिजागर त्यानं असं आवळलं की फाटक उघडायला दोन माणसं लागावीत.

६

एकोणिसाव्या दिवशी बारा वाजता तो डब्यांऐवजी शिडी घेऊन गेला. खिशात चौदाचा पाना आणि बापाच्या उरलेल्या गोळ्या. गाव दारं लावून पडलं होतं, घराघरातून कूलरची घरघर तेवढी येत होती. कोठीच्या मागच्या बाजूनं शिडी लावली. हात भाजू नयेत म्हणून पंज्यांना फडकं गुंडाळलं होतं.

वर पोचून त्यानं टिनावर हात ठेवला. फडकं ओलं झालं.

टिनावर दव होतं. पन्हाळीतून पाण्याचे थेंब सरकत होते, आणि शेजारच्या गोठ्याच्या टिनावरची हवा उन्हानं थरथरत होती. उकंड्याला खाली उतरावंसं वाटलं. त्यानं विचार केला, उतरलो तर उद्या पुन्हा डबे आणीन आणि पुन्हा "बरं" म्हणेन. त्यानं पाना लावला.

आठ हुकांचे नट सुटले. पत्रा उचलून बाजूला सरकवला तेव्हा आतून हवा वर आली, नव्यानं खोदलेल्या विहिरीच्या वासाची. ऊन सरळ आत पडलं. त्यानं टिनावर पालथं पडून आत डोकावलं.

चार म्हातारे भिंतीला टेकून ओळीनं बसले होते. पाठी ताठ, तोंडं उघडी. ऊन पडलं तरी एकाचाही डोळा मिटला नाही. चौघांचे उजवे हात वर होते, चौघांची बोटं छताकडे रोखलेली. त्यानं पत्रा काढला म्हणून त्यांनी हात केले असावेत, असं त्याला क्षणभर वाटलं. मग दिसलं, दंडांवर आणि कोपरांवर कोळ्यांची जाळी होती. हे हात किती तरी दिवसांचे असेच वर होते. आणि ते नेमके तो जिथे पालथा पडला होता, तिथेच रोखलेले होते.

पाचवा डोमाजी. ओळीच्या टोकाला. त्याचाही उजवा हात वर यायला धडपडत होता, आणि त्यानं तो डाव्या हातानं मनगटाशी धरून मांडीवर दाबून ठेवला होता.  मनगट काळंनिळं झालं होतं.

एकोणीस दिवस.

मधोमध गादी होती. गादीवर कोणी नव्हतं. पण कोणी बसल्यासारखी ती मध्ये दबलेली होती. उन्हाची तिरीप त्या खळग्यावर पडली, आणि तो खळगा हळूच सरकला. सावलीच्या बाजूला.

"बाबा!"

डोमाजीनं वर पाहिलं. उकंडा लहानपणी विहिरीच्या काठावर चढला होता तेव्हा बापाच्या चेहऱ्यावर जो राग होता, तोच राग. आणि आवाज त्याचा स्वतःचा, त्यात कोणाची नक्कल नव्हती.

"कायले आला बे तू! म्हणलं होतं ना घरी जा!"

गादीवरचा खळगा आता कडेला आला होता. शिडीच्या बाजूच्या कडेला.

डोमाजीनं ते पाहिलं. एकदा गादीकडे, एकदा वर. मग त्यानं उजव्या हाताचं मनगट सोडलं. हात झटक्यात वर गेला, आणि डोमाजीनं डाव्या हातानं त्याचं बोट पकडलं, फांदी वाकवावी तसं ताकदीनं वाकवलं, आणि आपल्याच छातीवर टेकवलं.

"हाव," चौघं एकदम म्हणाले.

गादी सपाट झाली. त्यापुढचं उकंड्यानं पाहिलं नाही. शिडीवरून तो उतरला की पडला, हे त्याला आजही सांगता येत नाही.

७

आतून कोणीतरी थाळी वाजवली. निवड झाल्याची ती खूण. अर्ध्या तासात सारं गाव मठात होतं. पुंडलिकरावांनी दार उघडलं आणि चौघं मानकरी डोळे चोळत बाहेर आले. ठणठणीत. आर्णीवाला पहिलं वाक्य बोलला ते असं, "जेवन आलं नाई का अजून? सकायपासून बसलो आम्ही."

"सकायपासून?" कोणीतरी विचारलं.

"मंग? आत्ता तर कुलूप लावलं तुम्ही."

लोक हसले. गादीचा महिमा, म्हणाले.

पुंडलिकराव हसले नाहीत. त्यांनी आत डोकावलं, वरच्या उघड्या टिनाकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या उकंड्याकडे. त्यांचं तोंड कडू झालं. "मानकरीच बसला गादीवर," ते पुटपुटले. "म्हाताऱ्यानं दगा देल्ला." आणि दार ओढून त्यांनी पुन्हा कुलूप घातलं. "सव्वा महिना नव्या बाबांचं दर्शन नाई. रीत हाये."

दार मिटताना उकंड्याला फटीतून दिसलं. बाप गादीवर बसला होता, दाराकडे पाठ करून. उघड्या पाठीवर, इतक्या उन्हात, दव होतं.

तो दारावर धावला. या वेळी तोंडातून "बरं" निघालं नाही, शिवी निघाली, पुंडलिकरावांच्या तोंडावर. चार-पाच जणांनी त्याला धरून मागे ओढलं. बायका मानीबाईला हळद-कुंकू लावायला आल्या, तुमच्या घरात गादी आली म्हणाल्या. तिनं करंडा हातानं उडवला.

"माया नवरा कोठी भरायले नाई देल्ला मी! काढा त्याले!"

संध्याकाळपर्यंत दुसऱ्या मिस्त्रीकडून टिन बसवून झालं, नव्या हुकांनी. ढोल वाजला, बुंदी वाटली गेली. गुरुजी येऊन उकंड्याच्या बाजूला बसले.  मग म्हणाले, "ऊन लागलं असंल रे तुला. उन्हात दिसते माणसाला कायबी."

उकंड्यानंही तसं समजून पाहिलं. खरंच पाहिलं. चांगला तासभर. पण बापाचं काळंनिळं मनगट उन्हानं दिसत नाही.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता त्यानं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि कोठीच्या मागच्या भिंतीशी गेला. दार नको, टिनही नको, तिथे सगळे येतात. मानीबाई त्याच्यामागे आली. तिच्या हातात इळा होता. ती बोळीच्या तोंडाशी पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "येऊ दे कोनी बी. तू मार."

पहिला दगड निघायला वेळ लागला, सांधा जुना आणि पक्का होता. फटीतून थंड हवा आली आणि त्याच्या घामावर बसली. दुसरा लवकर निघाला. आवाजानं लोक जागे झाले, पुंडलिकराव बोळीत आले, ओरडले, पण इळ्यापुढे कोणी पाऊल टाकलं नाही.

तिसरा दगड हलायला लागला. उकंड्याची सब्बल त्याला अजून लागलेली नव्हती. आतून कोणीतरी ढकलत होतं, थांबून थांबून, दोन्ही हातांनी.

ते हात कोणाचे, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. "बाबा," असं त्यानं विचारलंही नाही, कारण आत कोणीही असलं तरी उत्तर बापाच्याच आवाजात येईल हे त्याला ठाऊक होतं. त्यानं सब्बल फटीत घातली, पाय भिंतीला रोवला आणि अंगातला सगळा राग तिच्यावर टाकला.